येऊनच राहिलो

इंग्रजी शाळेत शिकणारा माझा शेजारी रोज लंगोट धुऊन वाळत घालायचा. नेसायचा मात्र कधीच नाही. पहाटे तालमीत जाताना मी हाक मारली की आतून यायचं, "येऊनच राहिलो ना बाप्पा!" मग मी दारात ताटकळत उभा.

एकदा खरंच निघाला. कापूस विलायतेला जाऊ लागल्यापासून अमरावतीत जिकडंतिकडं बैलबंड्या. तालीम दोन गल्ल्यांवर, तरी हा पठ्ठ्या कापसाच्या बंडीवर चढला, झोपला अन् थेट बाजारात उतरला. वर मलाच म्हणतो, "तालीम मांगंच राहिली वाटते!"

काल वस्ताद भेटले. त्यांना शेजाऱ्याची ही गंमत सांगितली. "त्याचं सोड. महिना झाला, तू काहून दिसून नाही राहिला?"

रोज त्याच्या दारातच उन्हं वर येतात, हे कोणत्या तोंडानं सांगू?

म्हणालो, "येऊनच राहिलो, वस्ताद."