चवथीला सांगितलेला पासवर्ड

तुळशीच्या लग्नानंतरचा मंगळवार, सकाळची नवाची वेळ. मागितलेली रक्कम पन्नास हजार रुपये. हजर: मी, माझी बायको, एक हवालदार, त्याच्याबरोबरचा शिपाई आणि आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारा गवंडी. तो कामाला निघाला होता आणि जेवणाचा डबा हातात धरून तसाच अंगणात थांबला होता.

पैसे माझ्याकडे मागितले नव्हते. आमोण्याच्या एका ट्रकवाल्याकडे ते फोनवरून मागितले गेले होते. दिले नाहीत तर दोन्ही ट्रक उभ्या जागी पेटतील, असं त्याला सांगितलं होतं. कॉल इंटरनेटवरचा होता. त्याच्या मोबाईलवर उमटलेला नंबर कुठल्याशा परदेशातला, आणि तोही बनावट निघाला. तरी हवालदार आमच्या गावात, सर्वणला, नेमका माझ्याच दारात आला होता.

"नंबर खोटा घेता येतो," तो म्हणाला. "पण कॉल कुठल्या कनेक्शनवरून निघाला ते कळतं. ते कनेक्शन तुमच्या नावावर आहे."

मी डिचोलीच्या एका पतसंस्थेत हिशेब तपासतो. दुसऱ्याची सही पाहून चूक कोणाची ते ठरवणं हे माझं रोजचं काम. इथे सही माझी होती.

बायको मात्र घाबरली की तिखट होते. "ट्रक पेटवणार कोण, हे?" ती माझ्याकडे बोट करून म्हणाली. "ह्यांना गॅस पेटवायचा तर आधी दोन पावलं मागे सरतात."

शिपायाला हसू आलं. हवालदाराला आलं नाही. त्याची नजर अंगणाच्या कडेला गेली होती.

"हा कुठचा?"

"बेळगावकडचा," मी म्हणालो. "गवंडीकाम करतो. बायको आहे बरोबर. भाडेकरूचा फॉर्म तुमच्याकडे भरून दिलाय."

"वायफाय वापरतोस?"

"वापरतो की साहेब," गवंडी म्हणाला. "गावाकडं आई हाय, तिला व्हिडिओ कॉल लावतो. मालकांनीच दिलंय."

खरं बोलला, आणि त्याच वाक्याने अडकला. हवालदाराने त्याचा मोबाईल मागून घेतला आणि चौकशीला चल म्हणून सांगितलं. मला दुपारी येऊन जबाब द्यायला सांगितलं. गवंड्याने डबा बायकोच्या हातात दिला. जीप वळणापलीकडे गेली तरी ती डबा पोटाशी धरून दारात उभीच होती.

जीप जाते न जाते तोच शेजारून चुलतभाऊ आला. तो माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणतो. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे, त्यामुळे काय झालं ते त्याला सांगावं लागलं नाही.

"बरें जालें," तो म्हणाला. "भायलो तो. तूं मधीं पडूं नाका."

"पण दादा, बाहेरचा म्हणून त्यानेच केलंय हे कशावरून?"

"मग कोणें? तुवें? म्हजे बायलेन?"

याचं खरं उत्तर फार मोठं होतं. ते समजायला आमची चवथ सांगायला हवी.

आमचा गणपती पाच भावांचा मिळून एक. मुंबईला असोत की मस्कतला, चवथीला सगळे या घरात येतात. त्या वर्षी मस्कतच्या भावाला सुटी मिळाली नाही. मला आरती दाखवा, गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी दाखवा, म्हणून त्याचा रोज आग्रह. घरात मोबाईलची रेंज धड नाही. भिंती जाड, आणि जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, उभं राहिलं तरच दोन काड्या. म्हणून मी केबलवाल्याकडून इंटरनेट घेतलं. त्याने राउटर देवाच्या खोलीबाहेर खुंटीला अडकवला आणि विचारलं, पासवर्ड काय ठेवू? मी ग्रामदेवीचं नाव सांगितलं आणि पुढे घराचा नंबर. विसरायला नको म्हणून.

पहिल्या संध्याकाळी घुमट वाजवून होणाऱ्या आरतीला वाड्यावरचे, म्हणजे आमच्या वस्तीतले, सगळे जमले. मस्कतचा भाऊ मोबाईलवर दिसला तेव्हा बायकांनी त्याला ओवाळलंसुद्धा. मग एकाने विचारलं, वायफाय काय रे तुमचं? दादाने माटोळीखाली उभं राहून मोठ्याने पासवर्ड सांगितला. लोकांनी तो प्रसादासारखा घेतला. पाच दिवसांत आमच्या घरी आला नाही असा वाड्यावर एकही माणूस नव्हता, आणि मोबाईल एकदा जोडला की तो पुन्हा विचारत नाही, दारासमोरून गेला तरी आपोआप जोडला जातो. विसर्जनानंतरही संध्याकाळी चारसहा जण आमच्या अंगणाच्या दगडी गडग्यावर बसून कॉल करायचे. कोणाचा भाऊ जहाजावर, कोणाची बहीण लंडनला.

मी तेव्हाच बायकोला म्हणालो होतो, आता पासवर्ड बदलूया. ती म्हणाली, "बदला. मग सांगायलाही तुम्हीच जा. चवथीला उघडलेलं दार दिवाळीच्या आधी लावलं म्हणतील." आमच्याकडे चवथीला आलेल्या माणसाला परत फिरवत नाहीत. ते दार आणि हे दार वेगळं, हे वाड्याला समजावण्याची माझी छाती झाली नाही. तेव्हा तो कॉल माझ्या घरातून निघाला हे खरं, पण माझं घर त्या महिन्यांत सगळ्या वाड्याएवढं मोठं झालं होतं.

दुपारी ठाण्यात गेलो तेव्हा गवंडी बाकावर बसला होता. त्याला कोणी मारलं नव्हतं, फक्त विचारत होते. पण सकाळपासून तेच तेच विचारत होते आणि तो प्रत्येक वेळी थोडा आणखी हळू बोलत होता. मला पाहून उठायला गेला तर शिपाई म्हणाला, "बस." तो बसला. त्याच्या ढोपरांवरचा सिमेंटचा जुना पांढरेपणा मला दिसत होता. पावती न देता पैसे घेणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब चालू असतो. याच्या चेहऱ्यावर काहीच चालू नव्हतं, भीती सोडून.

ट्रकवालाही तिथेच होता. जाडजूड माणूस, पण आवाज बसलेला. दोन्ही ट्रक त्याने मेव्हण्याच्या अंगणात नेऊन लावले होते आणि झोप नव्हती. हवालदार मला म्हणाला, "उद्या ह्याला कोर्टात उभा करायचा की नाही ते वरचे साहेब संध्याकाळी ठरवतील. वायफाय तुम्ही आणि हा, दोघेच वापरता ना?"

इथे हो म्हटलं असतं तर दोष गवंड्यावर जाऊन मी घरी गेलो असतो. हे मला तेव्हा स्पष्ट कळत होतं. उत्तर देण्याऐवजी मी ट्रकवाल्याकडे वळून विचारलं, "तो बोलला कुठल्या भाषेत?"

"म्हणजे?"

"धमकी दिली ती. मराठीत, हिंदीत, कसली?"

ट्रकवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की हे काय विचारतो हा. "कोंकणीत. आपल्या हांगाच्या. गाळी पासून आमच्योच."

शिव्यासुद्धा इथल्याच, हे ऐकून हवालदाराने पेन खाली ठेवलं. "तक्रारीत लिहिलं नाही तुम्ही."

"तुमी विचारूंक ना."

बाकावरचा गवंडी आमच्याकडे पाहत होता. त्याला कोंकणी समजते थोडी, पण बोलायला लागला की दुसऱ्या शब्दाला बेळगाव बाहेर येतं. हवालदाराने त्याला दोन वाक्यं कोंकणीत बोलायला लावली. ती ऐकून ट्रकवाला स्वतःच नको नको म्हणत हात हलवू लागला.

मग मी जबाब दिला. पासवर्ड चवथीला सांगितला होता, तो वाड्यावर सगळ्यांना माहीत आहे, गडग्यावर बसून लोक कॉल करतात. हवालदार लिहीत होता आणि शेवटी म्हणाला, "नावं?"

"सगळ्या वाड्याची सांगावी लागतील. आणि कोणी काय कॉल केला ते मी पाहिलेलं नाही."

गवंड्याला सोडलं. मोबाईल मात्र ठेवून घेतला. स्कूटरवर मागे बसून येताना तो एकदाच बोलला. "मालक, तुमी सांगितलासा म्हणून सुटलो. पण आता तुमचं काय?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. सकाळपर्यंत मी बाहेरच्या माणसाला घाबरत होतो. आता ज्यांच्यात जन्मलो त्यांना घाबरायला लागलो. घरी आलो तर गडग्यावर कोणी नव्हतं. चवथीनंतर पहिल्यांदाच.

दादा भिंतीपलीकडून बोलला, समोर आला नाही. "वाड्याचें नांव पुलिसांक दिलें तुवें."

"वाड्याचं नाही. पासवर्ड सगळ्यांना ठाऊक आहे, एवढंच सांगितलं."

"एकूच तें. तो बेळगावचो फाल्यां वतलो. आमी हांगाच मरतले." तो उद्या निघून जाईल, आम्हाला मरेपर्यंत इथेच राहायचंय, हे मलाही कळत होतं.

केबलवाल्याला बोलावलं. त्याने जे दाखवलं ते मी आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे लिहून ठेवतो. राउटरला दोन नावं देता येतात, एक घरचं आणि एक पाहुण्यांसाठी, आणि पाहुण्यांचं हवं तेव्हा बंद करता येतं. आत्ता कोणकोणते मोबाईल जोडलेले आहेत ते तिथेच दिसतं. देवाचं नाव, घराचा नंबर, गाडीचा नंबर पासवर्डात नको, कारण आपल्याला जे सहज आठवतं ते शेजाऱ्यालाही आठवतं. आणि राउटरची सेटिंग उघडणारा, त्याच्या पोटावर छापलेला कंपनीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा. तो न बदलता नुसता वायफायचा बदलला तर कुलूप लावून किल्ली दारावरच ठेवल्यासारखं.

"तुमच्या वाड्यावर निम्म्या घरांचा पासवर्ड देवीचाच आहे," तो पक्कड खिशात घालत म्हणाला. "पुढे फक्त घर नंबर. देवी सगळ्यांना सांभाळते हो, पण वायफाय?"

मी पासवर्ड बदलला. पाच मिनिटांत वहिनीचा, म्हणजे दादाच्या बायकोचा, आवाज आला. "भावोजी, आमचेकडे वायफाय येना हो आज." माझ्या बायकोने तिला खरं ते सांगितलं. पलीकडे जनेलाची फळी लावल्याचा आवाज झाला. इतक्या वर्षांत ती फळी आमच्या बाजूला कधी लावलेली मला आठवत नव्हती.

पुढचे दिवस वाईट गेले. कोणी काही केलं नाही. तेच वाईट होतं. पाववाला पोदेर सकाळी उंडे ठेवून जायचा तो घंटा वाजवताना आमच्या दारात थांबायचा नाही असं वाटायचं, पण थांबायचा. स्कूटर मी घरात आणून लावायला लागलो. फोन वाजला की बायको आधी नंबर वाचून दाखवायची आणि मग मी उचलायचो, आणि मनात यायचं की नंबर वाचून उपयोग काय, नंबर खोटा असतो हे शिकलोच आहे ना. मस्कतच्या भावाचा कॉल आला तेव्हाही मी आधी बायकोकडे पाहिलं. त्याला काही सांगितलं नाही. तो म्हणाला, "आवाज असा का तुझा? नेट खराब आहे का?" मी म्हणालो, हो, नेट.

एका दुपारी हवालदाराचाच फोन आला. प्रकरण मिटलं होतं. ट्रकवाल्याने आवाज पुन्हा पुन्हा आठवून ओळखला होता. त्याने पावसाळ्यात कामावरून काढलेला ड्रायव्हर, आमच्याच वाड्यावरचा. चार घरं सोडून. आमच्या गणपतीपुढे घुमट वाजवलेला. दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसली, त्याने माफी मागितली, ट्रकवाल्याने तक्रार मागे घेतली. गवंड्याचा मोबाईल घेऊन जा, असं हवालदार म्हणाला.

मी हायसं वाटेल म्हणून थांबलो. वाटलं नाही. तो ड्रायव्हर संध्याकाळी समोरून आला आणि नेहमीसारखं "कितें, जेवलो?" म्हणाला. मी "जेवलो" म्हणालो. संध्याकाळचे सहा वाजले होते.

मोबाईल द्यायला मागच्या खोलीत गेलो तर सामान बांधलेलं होतं. गवंडी पेडण्याकडे नवं काम बघायला गेला होता. तिथे दुसरी खोली मिळाली, असं त्याच्या बायकोने सांगितलं.

"आता प्रकरण मिटलंय," मी म्हणालो. "राहा की. काही होणार नाही."

"तसं न्हवं ओ," ती म्हणाली. "रस्त्यात जीप दिसली की ह्यास्नी घाम फुटतोय. आणि इथली माणसं आता बोलत न्हाईत. आधी बोलायची."

तिची चूक नव्हती. आमच्याशीही ती तशीच बोलत होती, थांबून थांबून, दाराला धरून.

मी मोबाईल तिच्याकडे दिला, घरातून पैसे आणले आणि तिच्या हातावर मोजून दिले. खोलीसाठी घेतलेल्या अनामत ठेवीचे सहा हजार, पूर्ण. महिन्याचं भाडं त्यातून कापलं नाही. ठाण्यात गेलेल्या दिवसाची आणि त्यानंतर तो कामावर गेला नाही त्या तीन दिवसांची मजुरी, साडेसातशेप्रमाणे तीन हजार. एकूण नऊ हजार. तिने मजुरीचे परत करायला हात पुढे केला, मग मागे घेतला आणि सगळे पदराच्या गाठीत बांधले.