दोन्हीकडून वाढणारा दिवा

हेमराजला पवनीत लोक मशीनचा वैद्य म्हणतात आणि आंधळगावात त्याची माय कौशल्याबाई त्याला येडपट म्हणते. खोटं कुणीच बोलत नाही. लोकांनी टाकून दिलेल्या लॅपटॉपांवर लिनक्स नावाची संगणकप्रणाली चढवून तो पवनीच्या दुकानात त्यांना उठवून बसवतो, आणि रविवारी दोन तास मोटारसायकल हाणत मायच्या घरी जाऊन तिच्या शिव्या खातो. चाळिशी आली तरी गड्याचा हा नेम चुकलेला नाही.

कौशल्याबाई कोष्ट्याची लेक, कोष्ट्याचीच सून. करवतकाठी लुगड्याचे चाळीस काठ तिच्या डोक्यात. कागदावर? एकही नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "कागदाले काय समजते?" आता माग बंद, गुडघे बंद, आणि हे काठ तिच्यासोबतच जातील या धास्तीनं हेमराजला घास गोड लागेना. शेवटी त्यानं एक जुना लॅपटॉप तिच्यापुढे मांडला. पडद्यावर चौकोनी घरं, एका घराला एक धागा, सांगत जा अन् रंग भरत जाऊ. म्हातारी चक्क तयार झाली! आणि झाकण उघडताच डोळ्यांवर पदर घेऊन मागे सरकली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तिला उजेड सोसत नव्हता, आणि हा पडदा नुसता रणरणत होता.

"उजेड कमी कर, तवाच बसन," तिनं सांगून टाकलं.

उजेडाची दोन बटणं होती, वरचं वाढवायला, खालचं कमी करायला, पण लिनक्समध्ये ती नुसती शोभेला. पडद्यामागच्या दिव्याला किती जळायचं ते ग्राफिक्सचा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम सांगतो, आणि या दिव्याशी त्याची ओळखपाळखच नव्हती.

"पगार किती घेते हा ड्रायव्हर?" मायनं विचारलं.

"फुकट आहे. जगभरचे लोकं मिळून लिहितात त्याले."

"तरीच," माय म्हणाली.

हेमराजनं त्या जगभरच्या लोकांकडे इंग्रजीत तक्रार टाकली. पोलंडच्या मारेक नावाच्या एका भल्या माणसानं ती मनावर घेतली आणि सोमवारी दुरुस्ती पाठवली. हेमराज पवनीत, लॅपटॉप मायकडे, नेटचं डोंगल लावून ठेवलेला. त्यानं दुकानातूनच इंटरनेटवरून ती चढवली आणि मायच्या बटणाच्या फोनवर फोन लावला.

"माय, वरचं बटन दाबून धर. काय झालं?"

"वाढला."

"आता खालचं."

"अरे बाप्पा, डोळे जाऊन राहिले माहे!"

हेमराजनं कळवलं: वरच्या बटणानं उजेड वाढतो, खालच्यानंही वाढतो. मारेकनं डोकं खाजवलं असणार. काही लॅपटॉपांत दिव्याचा कारभार उलटा असतो, आकडा वाढवला की उजेड घटतो. अशा उलट्या खोपडीच्या मॉडेलांची ड्रायव्हरमध्ये एक यादीच असते. मारेकनं हेही मॉडेल त्या यादीत घातलं. बुधवारी पुन्हा फोन. या खेपेला वरच्या बटणानं मायचे डोळे गेले, आणि खालच्यानं "वाढला".

हेमराजनं इमानदारीनं लिहिलं की अजूनही दोन्हीकडून वाढतो. मारेकचं उत्तर आलं. वीस वर्षांत दोन्हीकडून वाढणारा दिवा मी पाहिलेला नाही. शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही तर दुरुस्ती मागे घेतो आणि तक्रार बंद करतो. हेमराजचं धाबं दणाणलं. मायला पुन्हा राजी करायला त्याला दुसरा जन्म घ्यावा लागला असता.

गुरुवारी पुष्पाबाई नावाच्या गिऱ्हाईक बाई आपला लॅपटॉप न्यायला आल्या. काउंटरच्या कडेवर त्यांचा हात आपटला. "जाऊ द्या, बांगडी वाढली," म्हणत त्या तुकडे वेचू लागल्या, आणि हेमराज आ वासून बघत राहिला. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. आणि मायच्या घरात दिवा विझत नाही, काही केल्या विझत नाही, तोही वाढतो! लहानपणी "दिवा विझव" म्हटल्याबद्दल पाठीत धपाटे खाल्लेले, तरी गाढव ते गाढवच. त्यानं उभ्याउभ्याच फोन लावला.

"माय, तू वाढला म्हणते तवा पडद्यावर अंधार असते का उजेड?"

"अंधारच ना! डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सोमवारपासून सांगून राहिली. भरल्या घरात विझला म्हणू काय? तुले मराठी समजत नाही, त मी काय करू?"

म्हणजे बुधवारची दुरुस्ती अगदी बरोबर होती. फक्त खालचं बटण दाबून धरलं की शेवटच्या पायरीवर दिवा पूर्ण जात होता. हेमराजनं घाम पुसत इंग्रजीत कबुलीजबाब लिहिला: माझी आई दिवा विझला असं कधीच म्हणत नाही, वाढला म्हणते, चूक दिव्याची नाही, माझी आहे. शुक्रवारी मारेकचं उत्तर आलं. दुरुस्ती ठेवली आहे. सगळ्यात खालच्या पायरीवरही थोडा उजेड राहील असं केलंय, म्हणजे तुमच्या आईला पुन्हा अंधारात बसावं लागणार नाही. हेमराजनं ते तीनदा वाचलं. त्याला भरून आलं, पण समोर गिऱ्हाईक होतं, म्हणून "लेकाचा पोलंडवाला!" एवढंच म्हणाला.

रविवारी मायनं खालचं बटण शेवटपर्यंत दाबून पाहिलं. पडदा मंद झाला, गेला मात्र नाही. तिनं पदर बाजूला केला आणि पडद्याजवळ सरकली.

"भर. दोन पांढरे, एक लाल. पुन्हा दोन पांढरे, तीन लाल."

हेमराज घरं भरत गेला. करवतीचे दात उमटायला लागले, पण दातादातांमध्ये बारीक लाल दाणा होता. असा काठ त्यानं जन्मात बघितला नव्हता.

"हा कोणाचा काठ आहे, माय?"

"माहा. एक लुगडं स्वतःसाठी विणाचं होतं. पण मागावर रोज दुसऱ्याचंच राहे."

हेमराजला पडद्यावरची घरं दिसेनाशी झाली. पांढऱ्यात लाल गेलं, लालात पांढरं.

"डोळे पूस अन् नीट भर," माय म्हणाली. "माहा काठ आहे तो."