तीस वर्षं कोथिंबीर चिरणारी ओर्फेलिंदा

दोन्या, म्हणजे बाईसाहेब, ओर्फेलिंदा मुरायारीला आमच्या सांता ब्रिहिदा बेटावर कोणाला शोधावं लागत नाही. आधी तिच्या होडीची मोटर ऐकू येते, मग तिच्या शिव्या ऐकू येतात, आणि सगळ्यात शेवटी बाई स्वतः दिसतात. पेरूच्या या काठावरून समोर कोलंबियाला आणि जरा खालच्या अंगाला ब्राझीलला माणसं नेऊन सोडायची, हा तिचा पंचेचाळीस वर्षांचा धंदा. साखर एका देशातून, दातांचा डॉक्टर दुसऱ्या देशात, भांडणं तिन्ही देशांत. घासाघीस ती स्पॅनिशमध्ये करते आणि शिव्या पोर्तुगीजमध्ये देते. का, तर म्हणे पोर्तुगीज शिवी पाण्यावरून जास्त लांब जाते!

वय त्रेसष्ट. उंची एवढीशी, की होडीत उभी राहिली तर मोटरचा दांडाच आधी नजरेत भरतो. नदीनं तिचं घर दोनदा गिळलं. दोन्ही वेळा तिनं फळ्या उचकटल्या, तीस पावलं मागं नेल्या, पुन्हा ठोकल्या, आणि संध्याकाळी दारात बसून नदीला एक सणसणीत शिवी हासडली. झालं, भांडण मिटलं. नवरा एरास्मो गेला तेव्हा मात्र तिनं तीन दिवस मोटर चालू केली नव्हती. ते तीन दिवस बेटावर इतकं सामसूम होतं, की लोकांना झोप लागेना.

तर अशी ही बाई जन्मात एकाच गोष्टीला भ्यायली. उमिशाच्या शेवटच्या घावाला.

उमिशा म्हणजे आमच्या कार्निव्हलचं झाड. चांगलं उंच ताडाचं झाड आणून मैदानात रोवायचं, शेंड्याला बादल्या, टब, चड्ड्या, फुगे, बिस्किटांचे पुडे, जे हाताला येईल ते टांगायचं. मग ढोल आणि बासरीवर त्याच्याभोवती नाचायचं, आणि जोडीजोडीनं मध्ये जाऊन दोघांनीही एकेक घाव घालायचा. ज्या जोडीच्या हातून झाड पडेल, त्या दोघांनी पुढच्या वर्षीचं झाड शोधायचं, सजवायचं आणि अख्ख्या बेटाला जेवू घालायचं. त्याला माफी नाही. अबसालोन नावाचा एक गडी ते टाळून इकितोस शहरात पळाला, त्याला बावीस वर्षं झाली. अजून कोणी शब्द फिरवला की आम्ही म्हणतो, ‘अबसालोन झाला!’ बिचाऱ्याच्या पुतण्याला मुलगी देताना लोक आजही दोनदा विचार करतात.

त्यामुळं खोड बारीक होत आलं, की बेटावरच्या धडधाकट माणसांचे खांदे अचानक दुखायला लागतात. कोणाला चक्कर येते, कोणाला घरी चुलीवर काही ठेवल्याचं आठवतं. आणि या सगळ्या चुकारांची राणी कोण? आमची ओर्फेलिंदा. तीस वर्षं ती कुऱ्हाड हातात घेऊन खोडाला नुसती टिकटिक करत आलेली. लोक ओरडायचे, “काय गं दोन्या ओर्फे, झाड तोडतेस की कोथिंबीर चिरतेस?”

म्हणून यंदा कार्निव्हलच्या सकाळी ती होडीच्या टोकावर बसून कुऱ्हाडीला धार लावताना दिसली, तेव्हा म्हातारा साबिनो काठावर थबकलाच. साबिनो म्हणजे तिच्या लेकीचा धर्मपिता. बाप्तिस्म्याला त्यानंच पोरीला हातात धरलं होतं, तेव्हापासून ती त्याला कोंपाद्रे म्हणते आणि तो तिला कोमाद्रे.

“कोमाद्रे, कोणाचा खून करताय?”

“तुमचा. आज माझ्या जोडीला तुम्ही नाचायचं, आणि झाड आपण पाडायचं.”

साबिनोची कवळी हलली. “डोकं ठिकाणावर आहे ना?”

डोकं ठिकाणावरच होतं, म्हणून तर हा घोळ! गेल्या वर्षी पाणी चढलं असताना ती होडीतून घसरून पडली आणि पंधरा दिवस तापानं फणफणली. लिमाहून लेक दालिला फोनवर रडरड रडली. तेव्हा तापाच्या भरात हिनं लेकीला शब्द दिला, पुढच्या कार्निव्हलनंतर तुझ्याकडं येते, कायमची. ताप उतरला, पण शब्द काही उतरला नाही. आता दालिला आली होती, नवऱ्याला घेऊन, आणि तिच्या पर्समध्ये बुधवारची तीन तिकिटं होती.

“मग सरळ नाही म्हणा की पोरीला,” साबिनो म्हणाला.

“शब्द दिलाय हो. आणि ती माझ्यासाठीच करतेय, त्याचं काय? खोली तयार केलीय, पडदे शिवलेत. पडदे, कोंपाद्रे! मी तिथं बारा दिवस राहून आलेय. पाचवा मजला. खिडकीतून बघावं तर समोरच्याची खिडकी. पाणी नळातून येतं, त्याच्याशी भांडणार काय? तेराव्या दिवशी मेले असते मी.”

“आणि झाड पाडलंत तर?”

“तर पुढच्या वर्षी मला इथंच असावं लागेल. उमिशा टाकून कोण जातं? माझी पोरगी याच चिखलात वाढलीय, तिला कळेल. आई अबसालोन झालेली तिला चालेल का?”

साबिनोनं डोकं खाजवलं. “म्हणजे जन्मभर टाळलंत, आणि आता माझ्या गळ्यात बांधताय. दोघांनी वर्षभर एका झाडासाठी हिंडायचं. लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, म्हाताऱ्याचं नशीब उघडलं. चला, दाढी करून या.”

इकडं जावईबापू रेनान पहिल्यांदाच बेटावर आलेले. इस्त्रीचा शर्ट, पांढरे बूट. सकाळपासून त्यांचा फोन तीन देशांच्या स्वागताचे निरोप घेऊन घेऊन दमला होता. ते दर पाच मिनिटांनी विचारत, “दालिला, आत्ता आपण नक्की कुठं आहोत?” दहा वाजता शेजारच्या बायकांनी त्यांच्या डोक्यावर पाण्याची अख्खी बादली उपडी केली. अकरा वाजता कोणीतरी गालांना आचिओतेच्या बियांचा लाल रंग फासला. बारापर्यंत पांढऱ्या बुटांपैकी एकच उरला होता, आणि जावईबापू स्वतःच हातात चिखलाचा गोळा घेऊन पोलिसपाटलाच्या मागं धावत होते. लिमाचा गंभीर माणूस म्हणे! दालिला ओट्यावर उभी राहून पोट धरून हसत होती. आल्यापासून तिनं आईला औषधं, डॉक्टर, जिना, रेलिंग एवढंच ऐकवलं होतं. तिचं ते जुनं खिंकाळल्यासारखं हसू ओर्फेलिंदानं कितीतरी वर्षांनी ऐकलं.

नदी चढलेली, बेटाचा अर्धा भाग फळ्यांच्या पुलांवर, कोरडं असं मैदान तेवढंच. तिथं झाड उभं. कोलंबियातल्या लेतिसियाहून आणि ब्राझीलमधल्या ताबातिंगाहूनही होड्या भरभरून लोक आले होते. मसातोचे, म्हणजे आमच्या आंबवलेल्या कंदाच्या दारूचे, वाडगे हातोहात फिरत होते, पानात बांधलेल्या भाताचा वास सुटला होता, आणि ढोल असा काही बडवला जात होता की माझ्यासारख्या गुडघेदुखीच्या माणसाचेही पाय थांबेनात.

ओर्फेलिंदा आणि साबिनो दोनदा मध्ये जाऊन आले. दोन्ही वेळा तिनं जुनीच टिकटिक केली. उगाच आधी ताकद कशाला घालवा? तिचा डोळा खोडावर होता. पंचेचाळीस वर्षं पाण्याची नस ओळखणाऱ्या बाईला झाडाची नस कळणार नाही होय! फेरी संपत आली. खोड मनगटाएवढं उरलं. आणि सुरू झालं की आमचं नाटक. किराणावाल्याचा खांदा धरला. मास्तरांना शिंका आल्या. एका जोडीनं तर कुऱ्हाड खोडाला लावली आणि तिचा मुका घेऊन परत दिली. लोक हसून हसून चिखलात लोळायला लागले.

“आता, कोंपाद्रे!” ओर्फेलिंदा पुटपुटली. “पुढची पाळी आपली. चला.”

तिनं वळून बघितलं तर साबिनो गुडघ्यांवर. हसता हसता गड्याची कवळी तोंडातून उडाली होती, आणि म्हातारा चार पायांवर चिखल चाचपत होता.

“उठा हो! दात मागून शोधा!”

“फोधतोय, फोधतोय! कोणी पाय देऊ नका रे!”

ढोलवाला थांबतो थोडाच? कुऱ्हाड ओर्फेलिंदाच्या हातात आली. जोडीला कोणी नाही, आणि एकटीनं घाव घालायचा रिवाज नाही. एवढ्यात मागून कोणीतरी तिची कंबर धरली. दालिला! लाल रंगलेली, केस सुटलेले, दोन वाडगे मसातो पोटात.

“चल आई, मी आहे ना जोडीला! लहानपणी नाचायचो तशी नाच!”

आणि ओढलंच की तिनं आईला मध्ये. दोघी गरगर फिरल्या. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ओर्फेलिंदा हसत होती, पण हातातली कुऱ्हाड तिला आता जड झाली. कारण जोडी म्हणजे जोडी. आता झाड पडलं, तर लेकही बांधली गेली. लिमाहून बोट, विमान, रजा, खर्च, वर्षभराचा ताप. ज्या पोरीनं तिच्यासाठी पडदे शिवले, तिच्याच गळ्यात हा फास टाकायचा? तोही न सांगता?

तिनं कुऱ्हाड उचलली. सकाळपासून धार लावलेली, चकाकणारी. एक घाव, फक्त एक, की सुटली. खोड तर श्वास टाकला असता तरी पडलं असतं.

टिक.

एवढंच. बारीकशी, हलकी, कोथिंबिरीची टिक. झाड जरा थरथरलं आणि उभं राहिलं. लोक आनंदानं किंचाळले, “कोथिंबीर! कोथिंबीर!” ओर्फेलिंदानं कुऱ्हाड लेकीच्या हातात दिली. तोंडावर हसू होतं, आणि डोळ्यांतलं पाणी तिनं सगळ्यांच्या देखत रंगाच्या हातानं पुसलं. संपलं, बुधवारी जायचं.

दालिलानं कुऱ्हाडीकडं बघितलं. पात्यावरून अंगठा फिरवला. मग आईकडं बघितलं. ढोल चालूच होता.

“काय गं आई,” ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की सगळ्यांना ऐकू जावं, “झाड असं पाडतात होय?”

आणि दोन्ही हातांनी कुऱ्हाड खांद्यावरून नेऊन तिनं असा काही घाव घातला, की पातं खोडातून आरपार जाऊन पलीकडं चिखलात रुतलं.

कडाड्! झाड आलं की खाली! मग काय विचारता! अख्खं बेट त्यावर तुटून पडलं. बादल्या, टब, चड्ड्या, पोरं, म्हातारे, दोन कुत्री, सगळा एकच ढीग. ढिगातून पहिल्यांदा वर आले ते जावईबापू. डोक्यावर हिरवा टब, एका हातात बिस्किटांचा पुडा आणि दुसऱ्या हातात साबिनोची कवळी.

“हे बक्षीस कोणाचं?” त्यांनी विचारलं.

साबिनोनं झडप घालून कवळी नेली. मग किराणावाल्यानं दोघी मायलेकींचे हात वर केले आणि ओरडून पुढच्या वर्षीचे यजमान जाहीर केले. जावईबापूंना अर्थ कळायला थोडा वेळ लागला. “म्हणजे... पुढच्या वर्षी पुन्हा यायचं?” ते म्हणाले, आणि टबासकट असे नाचायला लागले की त्यांचा दुसरा बूटही गेला.

ओर्फेलिंदा मात्र तिथंच उभी होती. चिखलात रुतलेली कुऱ्हाड उपसून ती पातं पुसत राहिली, नजर मात्र लेकीवर.

बुधवारी पहाटे इकितोसच्या मोठ्या बोटीपर्यंत त्या दोघांना तिनंच आपल्या होडीतून सोडलं. तिसरं तिकीट दालिलानं घरच्या भिंतीला खिळ्यानं ठोकून ठेवलं होतं. होडीत सगळ्यांनी लाईफ जॅकेट घातलेली, ओर्फेलिंदानंसुद्धा, कुरकुरत. ही लेकीची अट होती, आणि रोज संध्याकाळी फोन करायचा ही दुसरी.

मोठ्या बोटीला होडी लागली तेव्हा ओर्फेलिंदानं मोटर बंद केली. “पोरी, एक विचारू? तुला रिवाज माहीत होता. मग घाव का घातलास?”

“तू कुऱ्हाडीला धार लावताना बघितलं होतं मी सकाळी,” दालिला म्हणाली. “तेव्हाच कळलं, म्हातारी सुटायला बघतेय. इतका राग आला म्हणून सांगू! ठरवलं, हिनं झाड पाडलं तरी उचलून नेणार. अबसालोन तर अबसालोन.”

“पण मी तर हळूच मारला.”

“म्हणूनच तर,” दालिला म्हणाली, आणि आईला जॅकेटसकट घट्ट मिठी मारून वर चढली.

बोट वळणाआड जाईपर्यंत ओर्फेलिंदा हात हलवत राहिली. मग नाक पुसलं, मोटरचा दोर खेचला आणि नदीच्या मध्यावर येऊन, सगळा जीव एकवटून, एक जंगी पोर्तुगीज शिवी हासडली. ब्राझीलच्या काठावर कोणीतरी कपडे धूत होतं. त्या बाईनं मान वर न करता तितक्याच मोठ्यानं परत दिली.