भाऊजी बसले नाहीत

यरुशलेमची धर्मसभा बोलण्यात कधी हार जाणारी नव्हती. मग येशूच्या नावाने उपदेश करणाऱ्या दोन साध्या कोळ्यांना पकडून आणल्यावर ती निरुत्तर का झाली? मी शिक्षिका, उत्तर पुस्तकात शोधायला हवे होते. ते मिळाले मात्र कापसाची दाढी लावलेली असताना.

जानेफळजवळच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीने वार्षिक दिनी या प्रसंगाचे नाटक बसवले. पुरुष कमी पडले म्हणून धर्मसभेचा प्रमुख याजक मी झाले. संवादही मीच लिहिले होते. याजकाला सर्वांत लांब भाषण मिळाले, हा योगायोग समजावा. माझे धाकटे दीर देवळाच्या दाराशी बसणारा, जन्मापासून पंगू असलेला भिकारी झाले. प्रेषितांनी, म्हणजे त्या दोन कोळ्यांनी, हात धरताच उठायचे, उड्या मारत देवळात जायचे. वाक्य एकही नाही.

तरीही त्यांनी शेगावच्या व्याह्यांना आग्रहाने बोलावले. हे व्याही त्यांना चारचौघांत 'बिनकामाचे' म्हणत. निदान एकदा त्यांनी आपल्याला रंगमंचावर पाहावे, एवढीच भाऊजींची इच्छा. एसटी उशिरा आली. भाऊजींच्या उड्या संपल्यावर व्याही पहिल्या रांगेत येऊन बसले.

पुढचा प्रवेश धर्मसभेचा. मी प्रेषितांना दरडावणार, तोच त्या दोघांच्या मधे भाऊजी येऊन उभे राहिले.

"भाऊजी, तुमचं काम संपलं. खाली बसा," मी दाढीआडून कुजबुजले.

"वैनी," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "चाळीस वर्सं देवळाच्या दाराशी बसूनच होतो न! आता कुठं उभा राह्यलो, तं पुन्हा बसा म्हनता?"

"हाव, उभेच राहा, व्याहीबुवा!" पहिल्या रांगेतून आवाज आला.

मी भाषण रेटले. 'असे काही घडलेलेच नाही,' या वाक्यावर भाऊजींनी एक उठाबशी काढून दाखवली. उरलेले भाषण तेथेच संपले. आरोपींना बाहेर काढून सभेने खल केला. झगे शिवायला आलेले आणि सभासद होऊन बसलेले शेजारचे शिंपी चाचा म्हणाले, "बाई, याले खोटं कसं म्हनता? धमकावा अन् सोडा. पब्लिक हासून राह्यली."

मी धमकावले आणि सोडले.

निघताना व्याही भाऊजींच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "नुस्तं उभं राहून सभा बंद पाडली तुम्ही!"

घरी येऊन मी पवित्र शास्त्रातला मूळ उतारा पुन्हा वाचला. माझे भाषण त्यात कोठेही नाही. बरा झालेला माणूस मात्र प्रेषितांच्या शेजारी उभा आहे. माझ्या शब्दावर विसंबू नका. प्रेषितांच्या पहिल्या अटकेचा तो अध्याय कृपया स्वतः उघडून पडताळून पाहा.