मिरजेचे रास्क

हेमंत रास्कने माझी जागा लाटली. हॅनोव्हरमध्ये ट्रामच्या थांब्यासमोर एक बंद पडलेली बेकरी होती. ती मी शोधली, चार महिने बोलणी करून मी पक्की केली आणि त्याने ती स्वतःच्या नावावर करून घेतली. हे आधीच सांगून टाकते. पुढे त्याच्याबद्दल माझ्या हातून एखादा बरा शब्द लिहिला गेला, तर मी हे विसरले असं कुणी समजू नये.

रास्क हे काही आपल्याकडचं आडनाव नाही. तो मिरजेचा उंदरे. हेमंत उंदरे. पण हे इथल्या मराठी मंडळातल्या जुन्या चार लोकांनाच माहीत होतं. नवीन माणूस भेटला की तो हात पुढे करून म्हणायचा, "रास्क. हेमंत रास्क." आणि गप्प बसायचा. समोरच्याने विचारावं म्हणून गप्प. समोर बहुतेक वेळा पुण्याहून नुकताच आलेला एखादा सॉफ्टवेअरवाला असायचा. तो बिचारा विचारायचाच, "म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?" झालं. गणपतीचा प्रसाद पुढचा अर्धा तास त्या पोराच्या हातातच राहायचा.

"हे स्वीडिश नाव," हेमंत सुरू करायचा. "तिकडे पूर्वी साध्या माणसाला आडनावच नव्हतं. अँडर्सचा मुलगा अँडरसन, योहानचा योहानसन. पलटणीत साहेबाने अँडरसन म्हणून हाक मारली की अर्धी पलटण पुढे यायची. मग साहेबाने काय केलं? भरती करतानाच प्रत्येकाला एक छोटं, कडक नाव चिकटवलं. कुणी ढाल, कुणी तलवार, कुणी पोलाद. रास्क म्हणजे चपळ. तडफदार."

तडफदार. हा माणूस बटाटा सोलायला बसला की शेजारच्या बाईची भाजी फोडणीला पडायची, तरी याचं साल सुटलेलं नसायचं. ट्राम समोर दिसत असताना तो पळायचा नाही. "दुसरी येईल," म्हणायचा. चहा पितानाही तो कपाशी काहीतरी विचारविनिमय करतोय असं वाटायचं. त्याच्या बायकोच्या घराण्यातला मूळचा रास्क खरंच चपळ असेल, तर तो गुण तिकडेच राहिला आणि याच्याकडे नुसती पाटी आली.

पाटी आली ती लग्नातून. एका विमा कंपनीत तो नोकरीला होता. तिथली कारिन रास्क त्याला आवडली. तिचे वडील स्वीडनमधून येऊन इथे स्थायिक झालेले. जर्मनीत लग्न करताना नवऱ्याला बायकोचं नाव घेता येतं, ते याने घेतलं. का, तर ऑफिसात त्याचं नाव कुणाला धड उच्चारता येत नव्हतं म्हणे. सहा वर्षांनी कारिन गेली. जाताना तिने कपाट नेलं, सायकल नेली, मांजर नेलं. नाव मात्र याने ठेवून घेतलं. कायद्याने ठेवता येतं. मी एकदा विचारलं, "भावजी, बाई गेली आणि नाव राहिलं, हे कसलं हो?"

"वहिनी, तुम्हाला मूळ पद्धतच माहीत नाही," तो शांतपणे म्हणाला. "गावातले शेतकरी मिळून सैनिकाला एक झोपडी आणि जमिनीचा तुकडा द्यायचे. तो सैनिक मेला की दुसरा यायचा, त्याच झोपडीत राहायचा आणि बहुतेक वेळा तेच नाव लावायचा. म्हणजे रास्क नावाची दोन घरं एकमेकांची कुणीच नसतात. नाव रक्ताचं नाही, नाव जागेचं."

हे वाक्य मी त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. एकदा जरी नीट ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं.

कुठल्याही गावाला गेला की तो दारावरच्या घंट्यांच्या पाट्या वाचत फिरायचा. इंगोलश्टाटला एका लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो, तर हा वऱ्हाड सोडून चार इमारतींच्या पाट्या वाचून आला. "एकही रास्क नाही," म्हणाला आणि चेहऱ्यावर काय समाधान. स्वीडनमध्ये हे नाव अँडरसनइतकं ढिगाने नसलं तरी तिकडे त्याचं कुणाला नवल नाही, शेजारच्या डेन्मार्क-नॉर्वेतही ते सापडतं, हे त्यानेच मला सांगितलेलं. पण हॅनोव्हरमध्ये तो एकटा. माल तोच, बाजार वेगळा. एवढी अक्कल मात्र त्याला होती.

मला बाजार कळतो. माझे वडील सांगलीला हळदीच्या पेठेत तोलाईचं काम करायचे. तिथे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, तोंडातून शब्द नाही. मी लहानपणी त्या बोटांकडे बघत नसे, तोंडाकडे बघे. कोण दबलाय हे तोंडावर दिसतं. इथे आले तेव्हा मला जर्मन येत नव्हतं, पण तोंडं वाचता येत होती. नवरा ऑफिसला गेला की मी घरच्या दोन शेगड्यांवर डबे करायची. पुढे दिवाळीचा फराळ, मग लग्नं, बारशी. घरचं स्वयंपाकघर पुरेना, इमारतीतले लोक वासाची तक्रार करायला लागले, म्हणून मला स्वतःची जागा हवी होती. धूर बाहेर टाकणारा आबत्सुग असलेली, दारावर माझ्या नावाची पाटी असलेली जागा.

आता तो बरा शब्द. माझे सरकारी कागद सगळे हेमंतने भरले. परवाना, मुलाची शाळा, आरोग्य खात्याचं प्रमाणपत्र, सगळं. परदेशी नागरिकांच्या कचेरीत माझ्यासाठी तो सकाळभर बाकावर बसला आहे, डब्यातली पोळी मांडीवर घेऊन. एक रकाना भरायला त्याला पंधरा मिनिटं लागत, पण त्याने भरलेला एकही कागद कधी परत आला नाही. बदल्यात मी त्याला जेवायला घालायची. माझ्या आमटीला तो "गेनाऊ" म्हणायचा, म्हणजे अगदी बरोबर. मिरजेची चव इथे कुणाला साधली नाही, फक्त वहिनींना, असं तो चारचौघांत सांगायचा. दर रविवारी आमच्याच सोफ्यावर बसून तो आईला फोन लावायचा. "हो आई. जेवलो आई. वहिनींकडेच आहे आई."

बेकरी मला दिसली ती ट्रामच्या खिडकीतून. मालकीण फ्राउ ल्युडर्स वरच्याच मजल्यावर राहायच्या. मी माझ्या नावाने पत्र लिहिलं: सुनंदा चौगुले, इतकी वर्षं या शहरात, हा परवाना, ही प्रमाणपत्रं. हेमंतने ते तपासून दिलं. तीन आठवडे उत्तर नाही. परत पाठवलं. उत्तर नाही. खिडकीत 'भाड्याने देणे आहे' तसंच लटकत होतं.

"वहिनी, माझ्या नावाने टाकून बघू," हेमंत म्हणाला.

"तेच पत्र?"

"अक्षर न अक्षर तेच. फक्त खाली रास्क."

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. कॉफीला या.

आम्ही दोघं गेलो. फ्राउ ल्युडर्सनी दार उघडलं, आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग आमच्या मागे जिन्यात कुणी गोरा येतोय का तेही पाहिलं. भिंतीवर लाल लाकडी घराचा आणि तळ्याचा फोटो होता. नवरा होता तेव्हा दर उन्हाळ्यात त्या स्वीडनला जात. त्यांनी हेमंतला बसवलं, केक दिला आणि मान तिरकी करून अगदी मायेने विचारलं, "आख सो, म्हणजे असं होय. तुम्हाला लहानपणी दत्तक घेतलं असेल, नाही का?" भारतातली कितीतरी अनाथ बाळं तिकडच्या घरांत वाढली, हे त्यांना ठाऊक होतं.

हेमंतने केकचा घास गिळला आणि मान हलवली.

मिरजेला ब्राह्मणपुरीत त्याची आई जिवंत होती. आदल्याच रविवारी माझ्या सोफ्यावरून तिला "जेवलो आई" सांगून झालं होतं. केकच्या एका तुकड्यावर याने तिला पुसून टाकली. जिन्यात मी त्याला धरलं. "लाज नाही वाटली?"

"मी काही बोललो का वहिनी? मी फक्त मान हलवली. जागा हवी आहे ना तुम्हाला?"

हवी होती. म्हणून त्या टेबलाशी मीही गप्प बसले होते आणि केक मीही खाल्ला होता. तेव्हा मला तो सौदा वाटला.

पुढचे चार महिने बोलणी मी केली. हेमंत नुसतं तोंड, शब्द माझे. आबत्सुग मालकिणीने दुरुस्त करून द्यायचा, मागची खिडकी मोठी करायची, जुनी भट्टी काढायची नाही, ती मला लागेल. म्हातारी कसलेली होती. ती गप्प बसली की मीही गप्प बसायची आणि हेमंत मध्ये घाम पुसायचा. शेवटी तिने सगळं मान्य केलं, एका अटीवर. करारावर हेर रास्क, म्हणजे श्रीयुत रास्क, यांचंच नाव. "कागदावर मी, दुकान तुमचं," हेमंत म्हणाला. "वर्षभराने तुमच्या नावावर करू." मी मान्य केलं. तेवढ्यात सांगलीला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मी सहा आठवडे गेले.

परत आले तर बेकरीवर निळी-पिवळी पाटी. रास्क. खाली बारीक अक्षरांत, स्वीडिश कॉफी आणि बन. आत भिंतीवर एका मिशाळ सैनिकाचं चित्र, एका झोपडीचं चित्र आणि पणजोबांची सगळी कहाणी. कुणाचे पणजोबा ते विचारू नका. माझा आबत्सुग दालचिनीचे वास बाहेर टाकत होता. बनमध्ये वेलदोडा होता. तिकडे घालतात म्हणे. पण तो सालासकट भाजून, साखर घालून कसा कुटायचा हे त्याला माझ्या ओट्यापाशी उभं राहून कळलं होतं. उभ्या आयुष्यात हा माणूस एकदाच चपळ झाला, आणि तो माझ्या पाठीमागे.

मी काउंटरवर हात आपटला. सगळं दुकान बघायला लागलं. "उंदरे," मी म्हणाले. "बाहेर ये."

तो आला. मी जे काही बोलायचं ते बोलले, मिरज-सांगलीत बोलतात तसं. त्याने ते सगळं ऐकून घेतलं, सावकाश, चहा पिताना ऐकायचा तसं. मग म्हणाला, "वहिनी, मालकिणीने चारदा विचारलं, स्वीडिश दुकान का नाही काढत. मी नाही म्हणेपर्यंत उशीर झाला."

"तुला नाही म्हणायलासुद्धा वेळ लागतो?"

"लागतो," तो म्हणाला. वर आणखी, "तुम्ही रोज या. कॉफी तुमच्यासाठी कायम."

मी गेले नाही. पाच वर्षं त्या थांब्यावर उतरले नाही, त्या बाजूला काम असलं तरी एक थांबा पुढे जाऊन मागे चालत आले. मी दुसरीकडे, गावाबाहेर, एका गॅरेजमागे जागा घेतली. तिथे माझी पाटी आहे. तिथे कुणी सहज चालत येत नाही, मुद्दाम यावं लागतं. रविवारी सोफ्यावर फोन लावायला कुणी येत नाही. आमटी उरते.

गेल्या महिन्यात त्याचा संदेश आला. दुकान सोडलं, स्वीडनला आलोय, इथेच राहीन म्हणतो. सोबत एक फोटो, जंगलातली पत्रपेटी, तिच्यावर रास्क. खाली लिहिलं होतं, "इथे नाव सांगितलं तर कुणी काही विचारतच नाही वहिनी. विचारतात ते तोंडाकडे बघून, मूळचा कुठला म्हणून. परवा एकाला मिरज सांगितलं." वाचून मला बरं वाटायला हवं होतं. मी उत्तर दिलं नाही. वेलदोडा तिकडे मिळतो का, एवढंच विचारावंसं वाटलं, तेही विचारलं नाही.

त्यानंतर आठवड्याने फ्राउ ल्युडर्सचा फोन आला. परवा मी त्यांच्याकडे गेले. तोच जिना, तेच तळं भिंतीवर, केकही तोच असावा.

"हेर रास्क सांगून गेले, जागा तुम्हाला द्या," त्या म्हणाल्या. "त्यांच्या स्वयंपाकीण ना तुम्ही? पाटी मात्र तीच राहू द्या हं. लोकांना सवय झालीय. तुम्हाला फ्राउ रास्क म्हटलं तर चालेल ना?"

झोपडीत जो येईल त्याचं तेच नाव. हेमंतने शंभरदा सांगितलं होतं. नाव चिकटवणारा पलटणीचा साहेब इथे कोण, हे मात्र त्याने कधी सांगितलं नाही, आणि मीही पाच वर्षं सगळा राग त्या मिशाळ चित्रावर आणि एका मंद माणसावर काढत बसले.

मी पिशवीतून माझं पहिलं पत्र काढलं. प्रत जपून ठेवलेली आहे, मी कागद फेकत नाही. केकची बशी बाजूला सारून ते त्यांच्यासमोर ठेवलं आणि शेजारी हेमंतच्या नावाचं ठेवलं. दोन्ही अक्षर न अक्षर तेच. त्यांनी चष्मा लावला, एकदा हे वाचलं, एकदा ते वाचलं.

"अशी पुष्कळ येतात हो," त्या म्हणाल्या.

"पुष्कळांचं मला माहीत नाही," मी म्हणाले. "हे माझं आहे. खाली माझं नाव आहे. याला तुम्ही उत्तर दिलं असतंत तर त्या माणसाला तुमच्या टेबलाशी बसून आईला नाकारावं लागलं नसतं आणि आजही तो माझ्याकडे जेवत असता. पाटीचं नंतर बघू. आधी या पत्राचं उत्तर द्या, फ्राउ ल्युडर्स. लेखी द्या. मी बसलेय."