शेन सरांचं पत्र

शेन सर कमरेला कधी पट्टा बांधत नसत. जुनाट गॅलिस लावून येत, आणि वर्गातले आम्ही दहा-बारा जण मनात हसायचो. २००५ साली मी बर्लिनला नोकरीला होते. शनिवारी सकाळी प्रौढांच्या एका शाळेत ते चीनचा इतिहास शिकवत, शब्द तपासून घेत हळू जर्मन बोलत.

सनावळ्यांत त्यांना रस नव्हता. मिंग घराण्याच्या शेवटच्या बादशहाने गळफास घेतला, ते एका वाक्यात संपवलं; त्याने स्वतःच्या मुलीवर तलवार चालवली, तिचा हात तुटला, ते सावकाश सांगितलं. १९११च्या क्रांतीत शिआन शहरात राज्यकर्त्या मांचू जमातीच्या कुटुंबांना घरांतून ओढून कापलं, तेव्हाचं सांगताना म्हणाले, "माझी आजी शेजारच्या गल्लीत कणीक मळत होती. किंकाळ्या ऐकू येत होत्या. तिने मळणं थांबवलं नाही."

१९६६च्या सांस्कृतिक क्रांतीपाशी आले आणि त्यांनी खडू खाली ठेवला. मी सहज विचारलं, तेव्हा तुम्ही शाळेत असाल ना?

"सतरा वर्षांचा. वर्गाचा मॉनिटर."

भूगोलाच्या लिन बाईंचे वडील जमीनदार होते, एवढाच त्यांचा गुन्हा. पोरांनी त्यांना मैदानातल्या खांबाला बांधलं आणि पट्ट्यांनी मारलं. पहिला फटका शेन सरांचा. पितळी बकल डोळ्यावर बसलं. संध्याकाळपर्यंत बाई गेल्या.

वर्गातले एक आजोबा कोट उचलून निघून गेले. मला राग आवरेना. जिन्यात सरांना गाठून मी म्हटलं, हे त्यांच्या घरच्यांना सांगायला हवं, आम्हाला सांगून काय उपयोग? ते जिना उतरून गेले.

दोन-तीन महिन्यांनी त्यांनी मला एक पत्र दाखवलं. त्यांनी बाईंच्या मुलीला सगळं लिहून कळवलं होतं, त्याचं हे उत्तर. त्यांनीच मला अर्थ सांगितला: "आईने पाणी मागितलं होतं. ते तुम्ही लिहिलं नाहीत. मी भिंतीपलीकडे होते."

विसरलात का, मी विचारलं.

"नाही, फ्राऊ देशपांडे. बादली माझ्या पायाशी होती. ते मी ठरवून गाळलं."

त्यांनी पत्र पुन्हा लिहिलं, बादलीसकट. पाठवण्याआधी वर्गात उभं राहून ते जर्मनमध्ये वाचलं. बादलीपाशी त्यांचा आवाज बसला. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. तो त्यांनी बाजूला सारला आणि कोरड्या घशाने वाक्य पुरं केलं.

त्यानंतर त्यांनी शिकवलं नाही. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं नाही. यायला हवं होतं, असं ते कधी म्हणालेही नाहीत.