मनोहरच्या स्मारकाचं कुलूप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज सांगतो, कारण आज आमची गल्ली जिंकली — आणि जिंकून देणारा म्हणून माझ्या गळ्यात अजून झेंडूचा हार आहे. काढवत नाही, ठेववत नाही.

आधी आनंदाचं सांगू द्या. नागपुरातली आमची विणकरांची गल्ली, तिच्या मधोमध एक दगडी खांब — सीमेवर मारल्या गेलेल्या मनोहरचं स्मारक. आज सकाळी त्याच्याभोवतीचं लोखंडी कुंपण आम्ही कापून काढलं. ढोल काय, गुलाल काय, पोरं तर खांबाला मिठ्या मारत होती. आणि मनोहरच्या आईनं, कौसल्याबाईंनी, नातीच्या नव्या ताण्याचं टोक त्या खांबाला बांधलं. माझे डोळे भरून आले. निदान तेवढं तरी खरं होतं.

हुतात्म्याच्या खांबाला सूत कोणी बांधतं का, असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडे बांधतात. ताणा म्हणजे लुगड्याचे उभे धागे. मागावर चढवण्याआधी ते गल्लीभर ताणून त्यांना खळ लावायची असते. एक टोक खुंटाला, दुसरं धरायला माणूस. कौसल्याबाईंच्या घरी ते टोक लहानपणापासून मनोहर धरायचा. तो गेला, गल्लीनं वर्गणी काढून खांब उभारला, आणि पहिल्याच आठवड्यात कौसल्याबाईंनी त्याला टोक बांधलं. "माह्या पोरानंच धरला हाय," म्हणायच्या. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मला वाटलं.

मी गल्लीतला पहिला सरकारी बाबू. आमचे साहेब पुष्पचक्र वाहायला येणार होते, आणि खांबावर हे खळीचे चिकट ओघळ — कार्यालयात लोक काय म्हणतील? स्मारक समितीचा सचिव मीच. कुंपण बसवून घेतलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली.

कौसल्याबाई ताणा घेऊन आल्या आणि थबकल्या. "काहून गा, प्रभाकर?"

काय सांगणार होतो? की मला लाज वाटते — तुमची, सुताची, माझ्या बापाच्या खळीनं फुटलेल्या हातांची? मी म्हणालो, "वरून आदेश आला, काकू."

कुठलं वर? आदेश कोणाचाच नव्हता. माझा होता.

सरकारचं नाव निघाल्यावर त्या भांडल्या नाहीत. दुसरा खुंट ठोकता आला असता, तोही ठोकला नाही. "त्याच्याबिना कोण धरन," एवढंच म्हणाल्या. माग बंद केला आणि कळमन्याच्या बाजारात कांदे निवडायला जाऊ लागल्या. खांब स्वच्छ राहिला. साहेबांनी तारीफ केली. पुढं वर्षातून दोनदा हार, बाकीचे दिवस कुंपणावर नेत्यांच्या वाढदिवसाचे फलक. मी रोज तिथूनच कामाला जात होतो.

यंदा त्यांची नात सोनल माग शिकली आणि हट्टालाच पेटली — कुंपण काढायचं. सगळी गल्ली माझ्या दारात, परवानगी आणा म्हणून. आणणार कोणाकडून? इस्त्रीचा शर्ट घालून निघालो, महाल भागातल्या एका टपरीवर दोन चहा प्यालो आणि परत येऊन सांगितलं, आदेश रद्द झाला. गल्ली नाचली. मीही नाचलो — लाज वाटली का तेव्हा? मुळीच नाही. इतकं मोकळं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आज खांबाला ताणा बांधून झाल्यावर कौसल्याबाई माझ्याकडे आल्या. कमरेत वाकलेल्या, पण चेहरा असा उजळलेला की बघत राहावं. माझ्या कपाळाला गुलाल लावला. "तू सोडवलं त्याले," म्हणाल्या. मग जरा जवळ येऊन — "तो आदेश देणारा साहेब कोण होता गा? मले एकडाव पाहाचं हाय त्याले."

सांगायला याहून चांगली वेळ कुठली असणार होती? सगळे खुशीत होते. त्याही.

"बदली झाली त्याची, काकू," मी म्हणालो. "कधीचीच."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि ताण्याला खळ लावायला वळल्या.